ओहोळाकाठची दोन आडवी झाडे

मी, आर्डिथ ऑलिव्ह अनरू, राहणार केडलर, कॅन्सस, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. कान जरा मंदावलेत, जीभ शाबूत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. या काउंटीत तेवढी कोणाची छाती नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घर आणि गव्हाचे शेत मुलगी लोइस हिला. तिने पडदे बदलावेत, मला ते कधीच आवडले नव्हते.

कलम २. दुर्बीण चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायकांना. दर मे महिन्यात कॅमेरे लावून टॉर्नेडो बघायला येणाऱ्या हौशी टोळक्याला ती विकू नये. दुसऱ्याचे छप्पर उडाले की टाळ्या पिटणारी जात आहे ती.

कलम ३. शेताच्या कडेचे, वादळात लपायचे तळघर रोझाल्वा ओर्तेगा हिला. ती पलीकडच्या चाकांवरच्या घरांच्या वस्तीत राहते. ती घरे जोराच्या वाऱ्यात खोक्यासारखी गडगडतात. वादळाचा भोंगा वाजला की सगळी वस्ती माझ्या तळघराकडे पळते. मात्र तिथली वाट माझा दीर मर्ल अनरू याच्या जमिनीतून जाते. तिथले फाटक जूनपासून मी उघडे ठेवायला लावले आहे; मी आहे तोवर ते उघडे राहील. मी गेले की तो पुन्हा साखळी घालणार, हे मी जाणून आहे.

कलम ४. आता मर्लभावजींचे.

हे गृहस्थ हवामान कार्यालयाचे हौशी टेहळे. यंदा मार्चमध्ये यांनी टॉर्नेडो कळवला. शेजाऱ्याने कुरणातले गवत पेटवले होते, त्याचा धूर. एप्रिलमध्ये पुन्हा धावत आले, "वहिनी, खाली उतरतोय बघा!"

"फिरतोय का, भावजी?"

"लोंबतोय की!"

"लोंबायला काय, तुमची विजारही लोंबते."

ढगाची चिंधी निघाली. मेमध्ये धान्याच्या कोठारावरची धूळ. कार्यालयातले लोक यांचा आवाज ऐकला की हसू लागले.

आणि जूनमध्ये खरोखरचा आला. भावजींचे गुरांचे छप्पर आणि अंगणातली सगळी झाडे गेली. आमच्या लोकांची खोड अशी, की कोणाचे झाड पडले की करवती घेऊन धावायचे. दुपारी नुकसान बघायला हवामान कार्यालयाची पाहणीवाली बाई आली, तेव्हा सरपणाच्या नीटस थप्प्या आणि सँडविच खाणारे शेजारी एवढेच उरले होते.

"झाडं कुठल्या बाजूला पडली होती?" तिने विचारले.

"बाजूला कशाला ठेवायची? कापली ना सगळी!" करवतवाला शेजारी होमर व्हिट अभिमानाने म्हणाला.

झाडे कुठे पडली ते कळेना, म्हणून बाईंनी लिहिले, सरळ वारा. टॉर्नेडो नाही. तेव्हापासून मर्लभावजी आभाळाकडे बघत नाहीत. मला त्यांची बडबड सहन होत नव्हती. हे गप्प बसणे तर मुळीच होत नाही.

पण त्याच वादळात यांचे फाटक साखळीने बंद होते. रोझाल्वा म्हाताऱ्या आईला घेऊन गारांच्या माऱ्यात काटेरी कुंपणावरून चढली. म्हणून मी त्या दुपारी बाईंपुढे तोंड उघडले नाही, आणि त्याची मला खंत नाही.

माझ्या ओहोळाकाठी कॉटनवुडची दोन मोठी झाडे त्याच वादळात पडली आहेत. एक पूर्वेकडे, त्याच्यावर दुसरे पश्चिमेकडे. सरळ वारा सगळी झाडे एकाच दिशेला पाडतो, असे करत नाही. मी त्यांना करवत लागू दिलेली नाही. नोंद अजून बदलता येते, असे पाहणीवाली बाई मला फोनवर म्हणाली.

तर भावजींनी रोझाल्वा आणि तिच्या वस्तीला तळघरापर्यंतची कायमची वहिवाट नोंदवून द्यावी, फाटक बिजागऱ्यांसकट काढावे. मग ती झाडे त्यांची. बाईंना बोलवावे. तुमचा टॉर्नेडो खरा होता, भावजी. फिरत होता. तळघराच्या दारातून मी पाहिला.

मी गेल्यावर महिनाभरात त्यांची सही झाली नाही, तर झाडांचे सरपण करून वस्तीत वाटावे. करवतीवाल्यांना निरोप धाडू नये. ते आपसूक येतील.

केडलर, १४ ऑक्टोबर २०१८
सही: आर्डिथ ऑ. अनरू

माझ्यासमक्ष सही करणारे साक्षीदार:
१. होमर व्हिट (करवत बाहेर ठेवायला लावली)
२. नोला व्हिट, त्याची बायको (तिनेच ती ठेवायला लावली)