आतली कडी

धुळे, रविवार, संध्याकाळ

आज आईला जळगावचा वृद्धाश्रम दाखवला. स्वच्छ आहे, नर्स कायम असते. पण खोल्यांना आतून कडी नाही. कुणी आत पडलं तर दार फोडायला नको, असं व्यवस्थापक म्हणाले. मला पटलं. मागे आई न्हाणीत पडली तेव्हा आम्ही दार फोडलंच होतं. आई मात्र त्यांना म्हणाली, “भाऊ, गोठाले बाहेरथून कडी ऱ्हास, घरले मझारथून.”

उद्या होकार कळवला नाही तर खोली जाईल. कळवू का?

आत्ता ती न्हाणीत गेली. कडी लावू नकोस, म्हणून बजावलं होतं. लावलीच. दाराबाहेर स्टुलावर बसून लिहिते आहे. पाणी ओतल्याचा आवाज येतोय तोवर ठीक.