शेजारघराची किल्ली

परम दयाळू अल्लाहच्या नावाने. मी शाद्लिया, मरहूम मुन्सिफ न्हावी यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार बाब सुईकामागची कुंभार गल्ली, ट्यूनिस, हे मृत्युपत्र स्वतः सांगून लिहून घेत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके नाही. "म्हातारीला काही कळत नव्हते" असे पुढे जो म्हणेल त्याने हा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचावा. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. तशी हिंमत असलेला माणूस या गल्लीत अजून जन्माला यायचा आहे.

कलम पहिले, घर. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. वरचा मजला, गच्ची आणि अंगणातले लिंबाचे झाड माझा एकुलता एक मुलगा नौफेल यास मिळावे. तो मार्सेयला असतो. त्याने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा परदेशी पाहुण्यांसाठी खोल्या काढाव्यात, माझी हरकत नाही. झाडाला मात्र कुऱ्हाड लावू नये.

कलम दुसरे. तळमजल्याची रस्त्याकडची खोली नौफेलला नाही. कायद्याने मला मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत मनासारखे देता येते आणि ही खोली त्याहून पुष्कळ कमी भरते, हे नोटरींनी पाहिले आहे. ती मी गल्लीच्या 'शेजारघर' मंडळाला कायमची देते.

ती का देते, हे नौफेलला कळावे म्हणून लिहिते. तिथे त्याच्या वडिलांचे केशकर्तनालय होते. ते गेल्यावर शटर बंदच राहिले. माझ्याकडे आईकडून आलेले कत्तार होते, म्हणजे नारिंगीच्या फुलांचे पाणी काढायचे तांब्याचे भांडे. ते वसंतात थोडे दिवस लागते आणि उरलेले वर्ष माळ्यावर धूळ खाते. एका वर्षी गल्लीतल्या दोघीतिघी नवीन कत्तार घ्यायला निघाल्या. मी खिडकीतून ओरडले, "अगं बायांनो, एवढ्याशा गल्लीत कत्तारं किती? हे न्या की माझं!" शटर उघडून मी ते खाली मांडले. मग कोणी शिडी आणून ठेवली, कोणी ड्रिल, कोणी लग्नाच्या कुसकुसची मोठी देगडी, मयताला लागणाऱ्या खुर्च्या, आजाऱ्याची चाकाची खुर्ची. लागेल त्याने न्यावे, झाले की आणावे; गल्ली त्या खोलीला शेजारघर म्हणू लागली. कुणाचे नाव लिहिले नाही, अनामत मागितली नाही. नियम एकच, आमच्या आयांच्या वेळचा: शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही. मूठभर हरभरे आणा, पुदिन्याची जुडी आणा, तेही नसेल तर शिडीची ढिली पायरी ठोकून आणा.

हिवाळ्यात मी अंथरूण धरले आणि शटर पुन्हा खाली आले. तेव्हा नौफेल फोनवर म्हणाला, "आई, ते भंगार काढ आता. लोकांना साधी शिडी विकत घेता येत नाही का?"

मी म्हटले, "तुझ्या सुंतेला जो जरीचा जुब्बा घालून तू गल्लीभर मिरवलास, तो कुणाचा होता रे?"

"माझाच ना?"

"तुझ्या आधी चौघांनी घातलेला. परत करताना बाबांनी वर मिठाईचं ताट ठेवलं होतं."

नौफेल, तू वाईट नाहीस. तू फार दिवस दूर राहिलास, आणि त्याचे मला दुःख आहे.

कलम तिसरे, समोरच्या दारातली बेय्या. हिच्याशी मी वर्षानुवर्षे बोलत नव्हते. तिने एका वसंतात कत्तार नेले आणि त्यात इक्लील उकळले. ती रानातली उग्र वनस्पती. तिचा वास तांब्यात बसला की राखेने घासा, लिंबाने घासा, हटत नाही. त्यानंतर ते कत्तार एका नवरीकडच्यांनी नेले आणि त्यात काढलेले फुलांचे पाणी मिठाईच्या पाकात घातले. लग्नाच्या बकलाव्याला खोकल्याच्या औषधाचा वास आला आणि वरातीसमोर माझी शोभा झाली. "शेजारघर बंद करा" असे लोक म्हणू लागले. ते भांडे कल्हईवाल्याकडून सुधारून आणेपर्यंत माझ्या जिवाला घोर होता. बेय्याने मात्र कानांवर हात ठेवले. वर भांडे परत आले ते रिकामे.

आता गेल्या आठवड्यातले. कोणी दलाल खोली मोजायला आला. मी वर पडून ऐकत होते. बेय्या शटरला पाठ लावून उभी राहिली आणि ओरडली, "खोली मोजायचीय? आधी मला मोज! मी हलणार नाहीये इथून!" तो पळाला. मग ती जिना चढून माझ्या खोलीत आली.

"ऐकलंस का गं?"

"अख्ख्या बाब सुईकानं ऐकलं."

"तुझ्यासाठी नाही हं केलं. नातीच्या लग्नाला मला देगडी लागणारे."

मी म्हटले, "बेय्या, आता तरी सांग. इक्लीलच होतं ना?"

"कसलं इक्लील? तुझं नाकच मेलं आधीपासून बेकार!" असे म्हणत तिने माझी उशी सारखी केली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

तरी शेजारघराची किल्ली मी बेय्याकडे देते. मंडळाने तिला विचारल्याशिवाय खोलीतला खिळाही हलवू नये. तिच्याकडून अजून काहीतरी परत यायचे बाकी आहे, म्हणून ती ते दार सोडणार नाही, एवढे मी तिला ओळखते.

कलम चौथे. किरकोळ सामान, कपडे, भांडी ज्याला लागतील त्याने न्यावीत. मुन्सिफ यांचा वस्तरा नौफेलला.

कलम शेवटचे. मला ज्या खाटल्यावरून दफनाला नेतील ते मशिदीचे जनाज्याचे खाटले ही या गल्लीची सर्वांत जुनी सामायिक वस्तू आहे. त्यावरून माझे आईवडील गेले, मुन्सिफ गेले. ते दर वेळी रिकामेच परत येते. माझ्या वेळी येऊ नये. नारिंगीला सध्या फुले आहेत. यंदाचे पाणी बेय्याने कत्तारात काढावे आणि एक बाटली माझ्या नावाने राखावी. मला कबरीत उतरवल्यावर ती बाटली खाटल्यावर ठेवून बेय्याने मशिदीत पोचवावी. बूच काढून वास घ्यायला मी नसेन. मी तिच्या शब्दावर सोडते.

हे सर्व मला वाचून दाखवले, मला पटले, म्हणून खाली सही करते.

शाद्लिया, मरहूम मुन्सिफ यांची पत्नी

साक्षीदार: हेदी, भट्टीवाला, कुंभार गल्ली
साक्षीदार: नजीबा, शिवणकाम, कुंभार गल्ली

ट्यूनिस, १७ एप्रिल २०२४