लग्नाळू, त्रास देऊ नये

मंगळवार, नऊ तारीख
खेकड्यांची खोली, दुपारी दोन

प्रिय ताई,

नमस्कार. वाकूनच करणार होते, पण इथली फरशी ओली आहे, तेव्हा उभ्याचाच गोड मानून घे. माझा खोकला गेला. तू पाठवलेला स्वेटर दंडात घट्ट होतो, पण घालते. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तूच बोलतेस.

रविवारी तू माझ्यासाठी स्थळ घेऊन येणार आहेस, हे कळलं. बारावं. त्याबद्दल पुढे लिहितेच. आधी इथली हकीकत.

सध्या प्रयोगशाळेत खेकड्यांची लग्नसराई आहे. मादी कात टाकायच्या, म्हणजे जुनं कवच सोडायच्या बेतात आली की पाण्यात एक वास सोडते. कशातून, तर लघवीतून. आणि ती सोय खेकड्यांना तोंडाशी, मिशांच्या बुडाशी असते. नाक मुरडू नकोस, तूच विचारतेस की मी दिवसभर करते काय. तर ते पाणी मी बाटलीत भरते आणि दुसऱ्या टाकीतल्या नरावर थेंब थेंब सोडते. वास लागला की तो चवड्यांवर उभा राहतो, नांग्या फाकवतो आणि मागचे पाय वल्ह्यासारखे मारत सुटतो. समोर मादी नसतेच, नुसतं पाणी. मॅडम वहीत लिहून घेतात, मला त्याची कीव येते.

कोणती मादी कुठवर आलीय हे कळावं म्हणून मी टाक्यांवर चिकटपट्ट्या लावते. मॅडमचे शब्द लांबलचक, म्हणून माझे मी ठरवलेत: ‘अजून लहान’, ‘लग्नाळू’, ‘मऊ’. मागच्या महिन्यात यातली एक पट्टी माझ्या ॲप्रनच्या पाठीला चिकटली. ‘लग्नाळू. आज-उद्या कात टाकेल. त्रास देऊ नये.’ हे पाठीवर मिरवत मी कँटीनमध्ये जेवून आले आणि मोठ्या साहेबांची सही घेऊन आले. लोक हसत होते. मला वाटलं, आज आपला चेहरा प्रसन्न असावा.

सांगितलं एकानेच. टाक्यांचे हवेचे पंप दुरुस्त करायला येतो, त्या पंपवाल्याने. बराच वेळ घसा खाकरून म्हणाला, “बाई, पाठीवरचं ते तुम्ही लावलंय की लागलंय?”

“लागलंय,” मी म्हणाले. कान तापले होते.

“मग काढू का?”

काढली. अगदी अलगद. मग घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्यानंतर आमचे पंप फार बिघडू लागले. पुढच्या खेपेला गडी अत्तर फासून आला. “इथे वासाचेच प्रयोग चालतात!” म्हणून मॅडमनी त्याला दारातूनच हाकलला. मी बाहेर जाऊन समजावलं, की इथे अत्तर चालत नाही, वासाचा साबणसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आला तो नुसता ग्रीस, रबर आणि घाम. ताई, मला तोच वास आवडला.

आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहिते. पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला आम्ही नोंदणी कार्यालयात लग्न करतोय. रविवारच्या स्थळाला येऊ नका म्हणून कळव.

त्याचे कान मोठे आहेत, हे आधीच सांगते. कारण पहिलं स्थळ तू कानांवरून परत पाठवलंस. दुसरा घोरत असणार, हे तुला त्याच्या नाकावरून दिसलं. एक तर म्हणे फारच सभ्य होता. अकराही तूच आणलेस आणि तूच फिरवलेस. मला एकदाही विचारलं नाहीस. मीही गप्प बसले, कारण मला कळत होतं. आई-बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तू एकोणीसची. तुला आलेलं स्थळ तू “धाकटी लहान आहे” म्हणून परत पाठवलंस, ते मी दाराआडून ऐकलं होतं. तेव्हापासून तुला सोडून कुठे जायचं म्हटलं की मला चोरी केल्यासारखं वाटतं.

नाच झाल्यावर नर काय करतो, ते सांगायचं राहिलं. मादीला पोटाखाली धरून दिवस दिवस फिरतो. कात टाकली की ती मऊ पडते, कुणीही येऊन खावं इतकी. तेव्हाही तो तिला धरून असतो. टाकीत हात घातला तर मलाही नांगी दाखवतो. कवच कडक झालं की मग सोडतो. काल एकाने सोडली. मला वेळ टिपायची होती, ती राहिली, कारण मी रडत होते. मॅडमना सांगितलं, मिठाचं पाणी डोळ्यांत गेलं.

मी एकेचाळीस वर्षांची झाले, ताई. माझं कवच केव्हाच कडक झालंय. आता सोड मला. आणि सोडून लांब जाऊ नकोस, बावीसला साक्षीदार म्हणून सही करायला ये. तुझ्या जागी मॅडम यायला तयार आहेत, पण मी त्यांना हो म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही.

सोबत ती चिकटपट्टी पाठवतेय, त्याच्याकडून मागून घेतली. तिच्यावरचं ‘त्रास देऊ नये’ मी खोडलंय. ते इतरांसाठी होतं. तू जन्मभर दे.

तुझीच,
मऊ असताना तू धरून ठेवलेली
धाकटी