इंजिनाचं जातकर्म

बाबा,

आमची स्कूटर दुरुस्त होऊन आली आणि तेव्हापासून उभ्या जागी थरथरते. चालत असली की ठीक. सिग्नलला रेस सोडली की फुरफुरते, गचके खाते आणि बंद पडते. तुमचे जावई म्हणाले, मेकॅनिकनं वाट लावली. मी म्हटलं, दुरुस्तीनंतर बिघडली एवढ्यावरून दुरुस्तीमुळेच बिघडली असं सिद्ध होत नाही. संस्कृतच्या प्राध्यापिकेशी लग्न केल्याचा पश्चात्ताप त्यांना अधूनमधून होतो, त्या वेळच्या नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मात्र हसू आलं. हाच मुद्दा मी एकदा तुम्हाला ऐकवला होता, सक्करदऱ्याच्या घराच्या अंगणात, आणि तुमची नजर यांच्याहून कितीतरी वाईट होती.

काका गेले तेव्हा मागे काकू आणि एक ट्रक ठेवून गेले. कामठीच्या मिलिटरी लिलावात घेतलेला, पेट्रोलवर चालणारा. हिरवा रंग खरवडला की खाली आणखी एक हिरवा रंग निघायचा. कामठीच्या मागवाल्यांकडे सुताचे गठ्ठे न्यायचे आणि तिकडून कापड आणायचं, हे त्याचं काम. गाडी चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच, काकांचा जुना जोडीदार, आपला मिस्त्री. काकूचा भाऊ तिला माहेरी न्यायला टपलेलाच होता. अगदी प्रेमानं नेणार होता, पण नेल्यावर ती तिथे काय होऊन राहणार हे तिला कळत होतं. ती एवढंच म्हणायची, "माही गाडी चालून राहिली, तोवर मी कोनाच्या घरची पाव्हनी नाही." तुम्ही हे वाक्य ऐकलं की मान खाली घालून जेवायचात. त्या घरात ती ताठ मानेनं वावरायची ती त्या हिरव्या धुडाच्या जोरावर, आणि ते आपल्या सगळ्यांना माहीत होतं.

एका वर्षी हेडची पॅकिंग जळली. मिस्त्रीनं अंगणातल्या लिंबाखाली गोणपाट पसरलं, इंजिनाचं हेड उतरवलं, वॉल्व घासले, नवी पॅकिंग घातली, कार्बोरेटर पेट्रोलनं धुतला. तुम्ही ओसरीवर पेपर तपासत बसला होतात आणि चष्म्यावरून पाहत होतात. एकदा मला म्हणालात, "पाहा, अन्वय लावतोय तो. आमच्या मॅट्रिकच्या पोरांना श्लोक फोडता येतो, पुन्हा जोडता येत नाही." शेवटी त्यानं गाडी सुरू केली. काकूनं काकांच्या पद्धतीप्रमाणे पाण्यानं भरलेलं फुलपात्र मडगार्डवर ठेवलं. इंजिन आपल्या जागी गुरगुरतंय आणि पाणी हलत नाही. काकूच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काय होतं ते मला आजही सांगता येत नाही, आणि मी शब्दांवरच पोट भरते.

इथे तुम्ही उठलात. दरवेळी असंच व्हायचं. सगळं सुरळीत झालं की तुम्ही उठायचात. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, नारळ फोडा, लिंबू ठेवा, झालं." तुम्ही म्हणालात, "नारळ जुन्या गाडीला. ही अवयवशः विसर्जित होऊन पुन्हा उभी राहिली. हिचा आज जन्म झालाय. जन्मल्यावर जातकर्म करतात." मग मध आला, तूप आलं, सोनं हवं म्हणून काकूची अंगठी आली. तुम्ही विचारलंत, "हिचं मुख कोणतं?" एअर क्लीनरचं झाकण अजून बसवायचं होतं. मिस्त्रीनं कार्बोरेटरच्या घशाकडे बोट दाखवलं. "हवा तं इथूनच घेते, गुरुजी." नवजात बाळाच्या जिभेवर ठेवतात तसा तुम्ही अंगठीनं मध-तुपाचा थेंब तिथे ठेवलात, मग प्रेमानं आणखी एक. मंत्र खणखणीत म्हटलात. बाळाच्या कानातही मंत्र म्हणतात, पण कान कोणता, हे विचारलं नाहीत, हे आमचं नशीब.

दुसऱ्या दिवशी माल भरायला निघताना गाडी उभ्या जागी कापायला लागली. रेस दिली की सरळ, सोडली की मिसिंग. मागून काळा धूर. फुलपात्रातलं पाणी मडगार्डवर सांडलं, मग फुलपात्रच खाली पडलं. मिस्त्री पुन्हा लिंबाखाली बसला. प्लगच्या वायरी एकेक काढून पाहिल्या. कुठल्याही एका सिलिंडरचा दोष निघेना. प्लग काजळीनं काळे झालेले. स्लोचा स्क्रू पिळून झाला, हवा गळते का पाहायला पॅकिंगच्या कडेनं ओलं फडकं फिरवून झालं, कार्बोरेटर पुन्हा उघडून पेट्रोलनं धुतला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून तो डॉक्टरसारखा डोळे मिटून ऐकायचा. मला अजून दिसतो तो, कपाळाला ग्रीस, ओठ पुटपुटतायत. "पेट्रोल जास्त पिऊन राहिली, गुरुजी, अन् हवा कमी घेऊन राहिली. एवढं समजते. पन हवा काहून कमी, ते नाही समजून राहिलं."

तेवढ्यात काकूच्या भावाचा निरोप आला की कामठीचा एक भंगारवाला गाडी न्यायला तयार आहे, बहिणीनं आता सामान बांधावं. पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढून काकू लुगड्यांच्या घड्या घालायला लागली.

आणि तुम्ही चिडलात. तुमची एक गंमत होती, बाबा. शांत असलात की तुमच्या मराठीत समास असायचे. राग आला की थेट आजोळचं गाव जिभेवर यायचं. "तू हात लावाच्या आंधी गाडी अशी कापत होती काय? तू खोलली अन् बिघडली! मंग कोनाचं चुकलं गा?" मी दारातून म्हणाले, "बाबा, याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. तुम्हीच तर या आठवड्यात शिकवलंत." तुम्ही वळून म्हणालात, "न्याय वर्गात. इथे गाडी आहे." मिस्त्रीनं चावी ओसरीच्या काठावर ठेवली, हात पुसले. "म्या खोटं काम केलं असन, तं या हातानं दुसरं इंजिन उघडनार नाही," एवढं बोलून तो नंदनवनला आपल्या घरी निघून गेला. घरात फक्त काकूच्या ट्रंकेच्या कडीचा आवाज.

मग गाडी लिंबाखाली नुसती उभी. एका सकाळी तुम्ही पूजेची फुलं तोडायला बाहेर गेलात ते आत येईनात. मी चहा घेऊन आले, तर तुम्ही परडी हातात धरून ट्रककडे पाहताय. चाकावरून मडगार्डवर, मडगार्डवरून बॉनेटच्या फटीत मुंग्यांची रांग. तुम्ही बॉनेट उघडलंत. रांग थेट एअर क्लीनरच्या झाकणाखाली शिरत होती. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असणार, हे तुम्ही जन्मभर पोरांकडून घोकून घेतलंत. पण अनुमान करताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. "मुंग्या आहेत," तुम्ही म्हणालात, "म्हणजे गोड आहे. गोड आहे, म्हणजे कुणीतरी ठेवलं." मग परडी माझ्या हातात. चहा तसाच. सायकल काढलीत आणि गेलात, तेही काकूच्या चपला घालून.

परत आलात तेव्हा सायकल मिस्त्री चालवत होता आणि तुम्ही मागे कॅरियरवर, धोतराचा सोगा धरून बसलेले. काकूसमोर, माझ्यासमोर, कुंपणापलीकडच्या दोन शेजाऱ्यांसमोर तुम्ही त्याला म्हणालात, "फांदी मी तोडली, आणि आळ तुझ्यावर घातला. हात तुझा स्वच्छ होता." मिस्त्री लाजला. कार्बोरेटर खोलत म्हणाला, "हे पाहा, हवेचं बारीक भोक. बुजलं. हवा जाईन कुठून? पन म्या पेट्रोलनं धुतलं ना, मंग काहून नाही निघालं?" तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं बोलली, "मधाचं भांडं कोनी रॉकेलनं धुते काय? चाल वं, गरम पानी आन!" मी तांब्याभर आणलं. मिस्त्रीनं भोक गरम पाण्यानं धुतलं, सायकलच्या पंपानं फुंकून वाळवलं, सगळं जागच्या जागी बसवलं.

फुलपात्र पुन्हा मडगार्डवर. आम्ही सगळे त्या पाण्याकडे पाहतोय. इंजिन गुरगुरतंय, पाणी हलत नाही. काकूनं फुलपात्र उचललं आणि ते पाणी पिऊन टाकलं. दुपारी ट्रंक उघडून लुगडी अंगणात पसरली. म्हणाली, कसर लागते, ऊन दाखवलं पाहिजे.

संध्याकाळी तुम्ही उरलेल्या मधाची बरणी मिस्त्रीला दिलीत. त्यानं ती उजेडाकडे धरून पाहिली. "ज्या मधानं गाडीले खोकला आला, त्यानं माहा जाते काय, पाहतो." तुम्ही हसलात तसे पुढे क्वचितच हसलात. काकू आपल्याच घरी राहिली, शेवटपर्यंत, कुणाची पाहुणी न होता. आणि दसऱ्याला ट्रकची पूजा ती स्वतः करायला लागली. तुम्हाला फक्त मंत्र म्हणायचे होते, तेही ओसरीवरून. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत.

तुम्हाला आता पत्ता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून शेवटचं सांगते. काल घरचे सगळे टीव्हीसमोर असताना मी स्कूटरजवळ उकिडवी बसले आणि कार्बोरेटरपर्यंत वाकून वाकून मुंग्या शोधल्या. एकही नव्हती. म्हणजे मेकॅनिकचंच काहीतरी चुकलं असणार, तुमचे जावई बरोबर ठरणार. त्याचंही मला एवढं वाईट वाटलं नाही. आत आले, मधाची बाटली काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत फळीवर ठेवली. मुंग्यांसाठी झाकण मात्र घट्ट लावलं नाही.