पुसलेल्या पंधरा खुणा

बांडुंग, ११ सप्टेंबर

कांग यायान,

सलाम. तुम्ही आणि वहिनी बरे असाल. जकार्ताच्या नव्या कचेरीजवळ नारळाच्या दुधाची चांगली गरम सुराबी खायला मिळते का? इथे प्रयोगशाळेत तुमची खुर्ची अजून कोणी हलवलेली नाही.

सव्वीस वर्षांची होते तेव्हा तुम्ही मला ती केसाएवढी नळी कोरलेली काच दाखवलीत. थोरल्या भावाला विचारावं तसं मी विचारलं, "कांग, ह्यात पंप कुठंय?"

"पंप नाहीच, नेंग. दोन टोकांना वीज दे, काचेची भिंतच पाणी पुढे नेते. पण टोकांचं पाणी दर अर्ध्या तासाला बदलायचं. विजेनं एक टोक आंबतं, दुसरं साबणासारखं होतं. मग भिंत रुसते."

डेंग्यूच्या चाचणीसाठी तीच काच आठ तास चालवली तेव्हा मी तेच केलं. पाणी बदललं की आलेखावर पेन्सिलीची बारीक खूण. पंधरा खुणा झाल्या. तुम्ही लिहिलेल्या अहवालात रेघ सरळ होती, खूण एकही नाही. खाली ओळ होती: आठ तास, हात न लावता.

मी विचारलं तर म्हणालात, "अगं, पाहुण्यांना जेवण वाढायचं की खरकटी भांडी दाखवायची?" सगळे हसले. मीही.

मागच्या आठवड्यात डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात गेले होते. सकाळी लावलेली काच दुपारी निम्म्या वेगानं चालली होती. रक्त वेळेत टोकाला पोचलंच नाही, आणि तापानं फणफणलेल्या एका बाईला 'डेंग्यू नाही' सांगून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी तिला रक्ताच्या उलट्या झाल्या. अजून रुग्णालयात आहे. नर्स तेतीबाईंना मी पाण्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, हात लावू नका असं तुम्हीच छापलंय ना?"

तुम्ही मला फसवलंत, हे लिहायला बसले होते. ते खरंच आहे. जे तुम्ही शिकवलंत तेच तुम्ही पुसलंत, आणि मला विचारलंही नाहीत.

पण वरचं वाचून वाटेल की अहवाल मी छापून आल्यावर पाहिला. तसं नाही. सही करण्याआधी पाहिला होता. तुमच्या नावाशेजारी माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. त्या दिवशीची डायरी काल काढली. तिथे एवढंच आहे: 'ऊन. सही केली.' रोज पानभर लिहिणारी मी.

पेन्सिलीच्या खुणांचा मूळ कागद आज सकाळी चाचणी समितीकडे दिला. सोबत माझ्या सहीबद्दलही लिहून दिलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे कळतं. पण तुम्ही काहीतरी बोलून मला हसवलं असतंत, आणि मी कागद परत आणला असता.

वहिनींना सांगा, ईदला माझी वाट पाहू नका.

नेंग म्हणून, तुमची धाकटी बहीण म्हणून, सही करवत नाही.

इमास सुमियाती
(अहवालावरची दुसरी सही)