तीन हजार अक्षरांत ब्रिन्यार

सोमवार, ९ जून

पोचले एकदाची. भावाच्या दफनाला आलेली बाई दारातच खो खो हसली, हे कुणी पाहिलं असतं तर नावं ठेवली असती. पण ब्रिन्यारने दार असं पिवळंधमक रंगवलंय की खाडीच्या पलीकडूनही दिसावं. फोनवर म्हणायचा, थोर्दीस, तू वाट चुकशील म्हणून रंगवलंय. दार रंगवून तीन वर्षं झाली. मी आज आले.

शेजारची म्हातारी रान्नवेग पॅनकेक आणि वाळवलेला मासा घेऊन आली. तिला ब्रिन्यारचा रागच आलाय. म्हणाली, मेला न सांगता गेला, आणि माझी शिडी त्याच्याकडेच! दोघी हसलो, मग दोघी रडलो. बरं वाटलं.

शनिवारी दफन. त्या दिवशीच्या पेपरात त्याच्यावर माझा लेख यायला हवा. इथे आइसलंडात गेलेल्या माणसाला जवळच्यांनी लेख लिहून निरोप द्यायचाच असतो. रान्नवेग तर रोज कॉफीबरोबर आधी तीच पानं वाचते. मर्यादा तीन हजार अक्षरांची, मुदत गुरुवारी दुपारी बारापर्यंत. माझ्याशिवाय त्याचं कुणी नाही. मी नाही लिहिलं तर त्याचा नुसता नावाचा दगड उरेल.

मंगळवार, १० जून

लिहून काढलं. साडेचार हजार अक्षरं झाली.

पूर्वी माझं लिखाण सगळ्यात आधी ब्रिन्यार वाचायचा. कागद बोटीवर न्यायचा, महिन्याने खारट वास लावून परत द्यायचा. सूचना एक नाही. जिथे हसला किंवा गलबलला, तिथे समासात पेन्सिलीने एक छोटासा मासा. तीन वर्षांपूर्वी मी चॅटबॉटला दाखवायला लागले. तो क्षणात मत देतो आणि मासेबिसे काढत नाही. शेवटची कथा ब्रिन्यारकडेच राहिली, मी मागितलीही नाही. एकदाच त्याने विचारलं, हल्ली लिहीत नाहीस का गं? वेळच नसतो, असं मी ठोकून दिलं.

आजही सवयीने लेख चॅटबॉटलाच दाखवला. हृद्य आहे म्हणाला. दाराचं वर्णन मात्र लांबतं, काढावं. काढलं.

बुधवार, ११ जून

सकाळी दार पांढरं होतं. रंग जुना, पोपडे आलेला. रान्नवेग म्हणाली, अगं बाई, ते कायमच पांढरं, झोप झालेली दिसत नाही तुझी. असेलही. दुःखात डोकं ठिकाणावर राहत नाही. पण या वहीत सोमवारी मीच पिवळंधमक लिहिलंय.

दुपारी पुन्हा चॅटबॉटला लेख दाखवला. ब्रिन्यारच्या शीळ घालण्याचा उल्लेख नको, म्हणाला, आणि गुडघ्याचा प्रसंग लेखिकेविषयीच जास्त आहे. सहा वर्षांची असताना मी गोठलेल्या ओढ्यावर पडले, गुडघा फुटला, ब्रिन्यारने मला पाठीवर घेऊन घरी आणलं, तो प्रसंग. दोन्ही काढलं. लेख खरंच सुटसुटीत झाला.

संध्याकाळी मोजे काढताना गुडघ्याकडे लक्ष गेलं. व्रण नाही. कातडी लहान मुलीसारखी नितळ.

फोनमध्ये ब्रिन्यारचा जुना निरोप आहे. आधी शीळ, मग बोलणं. लावून ऐकला. शीळ नाही. नुसता श्वास, आणि मग, थोर्दीस, मी आहे.

काढलेलं सगळं परत लेखात घातलं. व्रण आला नाही. दारही —

गुरुवार, १२ जून

आता एक शब्द कापायचा नाही. सगळाच्या सगळा पाठवला. पेपरातल्या माणसाचा फोन. बाई, भाऊ प्रत्येकाचाच मोठा असतो, पान तेवढंच असतं.

जे गेलंच आहे तेवढं काढलं. दार, शीळ, ओढा. काढताना रडले. तरी अक्षरं थोडी जास्त होती. बाराला दहा मिनिटं. डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती. चॅटबॉटला फक्त मोजायला सांगितलं. एवढंच. त्याने लेख परत दिला, बरोबर तीन हजार. मी तसाच पाठवला.

मग वाचला. खाली त्याची टीप होती — मासे हा खासगी संदर्भ आहे, वाचकाला कळणार नाही, म्हणून वगळला.

पेपरात फोन केला. पान लागलं, आता बदल नाही, म्हणाले.

मासे ब्रिन्यारने काढले. पेन्सिलीने. समासात. ब्रिन्यारने काढले, माझ्या भावाने —

शुक्रवार

रान्नवेग विचारत होती, माझी शिडी तुझ्याकडे कशी गं आली? सांगायला तोंड उघडलं. आणि —

शनिवार

पेपर आला. एक लेख माझ्या नावाचा. सुबक आहे. वाचून रडू नाही आलं.

स्वयंपाकघरातल्या खणात माझी एक जुनी कथा सापडली. इथे कशी, देव जाणे. समासात कुणीतरी छोटे छोटे मासे काढलेत.

या वहीत आधीच्या पानांवर कुणा ब्रिन्यारबद्दल लिहिलंय. अक्षर माझंच. भला माणूस असावा.

चर्चची घंटा वाजतेय. मी काळे कपडे घातलेत. छाती का भरून येतेय —

शेवटच्या माशाखाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. पुसट होत चाललंय, मी बघत असतानाच. खिडकीशी नेऊन इथे उतरवून घेते —

थोर्दीस, पुढची पाठव, मी वाट