झुबक्यात दोन फळं

प्रिय वहिनी,

तू माहेरी गेल्यापासून बागेत शांतता आहे, आणि तीच मला सोसत नाही.

प्रत्येक झुबक्यातलं एकच कोवळं सफरचंद ठेवून बाकीची खुडायची, नाहीतर सगळीच बारीक राहतात आणि डोंगराखालच्या बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. मी हे कॉलेजात शिकले, तुला बाबांनी शिकवलं. खुडायला तुझा जीव धजत नाही, तू दोन-दोन ठेवतेस. मग बाबा खालच्या बांधावरून ओरडतात, "अगं वेडाबाई, झाडाची दया येते आणि माझी नाही? चढ परत!" तू हसत शिडी चढतेस.

लहानपणी हे ओरडणं माझ्या वाट्याचं होतं. आता मी घरातली पहिली पदवीधर. शहरातली नोकरी नाकारून मी याच बागेसाठी परत आले, तर बाबा म्हणतात, "तू सावलीत बस, ऊन लागेल."

तुझा हेवा वाटतो गं. इतका, की काल तुझ्या शिडीवर चढून मी एका अख्ख्या झाडावर मुद्दाम दोन-दोन फळं ठेवली. बाबा आले, बराच वेळ वर बघत राहिले. मी कान देऊन थांबले.

"एवढी शिकलीस, काहीतरी विचार करूनच ठेवली असशील," असं म्हणून ते निघून गेले.

मला शिडीवरच रडू आलं.

हे पत्र काही मी टाकणार नाही. पण तू लवकर ये. ते झाड तसंच ठेवलंय. आल्या आल्या बाबांच्या देखत माझ्यावर ओरड. निदान तू तरी.

तुझ्यावर जळणारी,
तुझीच नणंद